मिठाचे बोट धरून

मी मराठीचा प्राध्यापक. शास्त्राशी माझा संबंध स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंतच. पण गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही नाशिकहून लोणारला गेलो आणि धाकट्या कन्येने मला तो उंबरठा ओलांडायला लावला.

उल्का आदळून झालेले ते विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. तळाशी सरोवर. पाणी खारट तर खरेच, शिवाय सोड्याचे. बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागते. "बाबा, यात कुणी राहत असेल का हो?" तिने विचारले.

राहतात! क्षारावर पोसलेल्या सूक्ष्म जंतूंची तेथे वसाहतच आहे. त्यांचा एक भाऊबंद तर याहूनही हट्टी. न्यूझीलंडमधील ते अरोहा येथे सोड्याच्या कढत झऱ्यात सापडलेला हा जंतू ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास सुखाने नांदतो.

मग तो जेवतो कसा? बाहेरची विरळ साखर पेशीत ओढून घेणे म्हणजे चढावर गाडी ओढणे. पुष्कळसे जंतू हायड्रोजनचे विद्युत्‌भारित कण आधी बाहेर ढकलतात. ते परत आत शिरताना साखरेला सोबत आणतात. पण सोड्याच्या पाण्यात हे कणच दुर्मीळ. हमालच मिळेना! सोडियम मात्र मुबलक. तेव्हा हा पठ्ठ्या सोडियम बाहेर ढकलतो, आणि ते आत परतताना त्याचे बोट धरून साखर येते. तीही आपल्या चहातलीच.

आता गंमत ऐका. आपल्या आतड्यातही सोडियम आणि ग्लुकोज असेच जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी. हे तत्त्व रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले. पटकीतही हे दार उघडेच राहते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोजचे पाणी रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

कन्या दीड वर्षाची असताना तिला जुलाब लागले होते. डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनात. डॉक्टरांनी दिलेली पुडी पाण्यात कालवून तिची आजी रात्रभर चमच्याचमच्याने पाजत बसली. पहाटे पोरगी रडली, ती डोळ्यांत पाणी आणून. आम्ही दोघेही तिच्याबरोबर रडलो.

लोणारच्या काठावर मी तिला हे सांगितले. तिने ओले बोट हळूच जिभेला लावले, तोंड वेडेवाकडे केले आणि म्हणाली, "आजीला सांगू या!"