मुसलमान कोण, हे कायदा ठरवतो तेव्हा

पाकिस्तानातल्या अहमदियांचा विषय निघाला की डोळ्यांसमोर येतात ते बंदूकधारी. 28 मे 2010 रोजी लाहोरमधल्या त्यांच्या दोन प्रार्थनास्थळांवर शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी हल्ले झाले आणि 80हून अधिक माणसं मारली गेली. पण या छळाचा जास्त चिवट भाग कायद्याच्या कलमांत आणि सरकारी अर्जांत आहे. मतभेदाचं मूळ धर्मशास्त्रातलं: पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी पैगंबरपदाचा दावा केला, तर बहुसंख्य मुसलमान महंमद पैगंबरांनाच अखेरचे पैगंबर मानतात. 1953 मध्ये अहमदियांना गैरमुस्लिम ठरवा आणि त्याच पंथाचे परराष्ट्रमंत्री झफरुल्ला खान यांना काढा, म्हणून पंजाबात दंगली उसळल्या. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मुनीर आणि कयानी यांनी उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, विचारलं, मुसलमान कोणाला म्हणायचं? कोणत्याही दोघांचं उत्तर जुळलं नाही. उलेमांना न सुटलेला हा प्रश्न सरकारने हाती घ्यायला नको होता. 1974 मध्ये तो घेतला गेला. तोही एखाद्या हुकूमशहाने नव्हे, तर पंतप्रधान भुट्टोंच्या काळातल्या निवडून आलेल्या संसदेने. घटनादुरुस्ती करून अहमदियांना गैरमुस्लिम ठरवण्यात आलं.

लष्करशहा झियांनी 1984 मध्ये वटहुकूम काढून पुढचं पाऊल टाकलं. अहमदियाने आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हटलं, अजान दिली किंवा स्वतःला मुसलमान म्हणवलं, तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. आपल्या सभासदांचे निकष ठरवण्याचा हक्क प्रत्येक धर्माला नसतो का, असं यावर विचारलं जातं. असतो. एखाद्याला आपलं न मानण्याची मुभा समाजाला असतेच. पण ते मत न स्वीकारणाऱ्याला पोलिसांनी उचलणं ही वेगळी गोष्ट झाली. अहमदियांमुळे साध्या भाविकांची फसगत होते, हा दुसरा युक्तिवाद. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये तो उचलून धरला आणि त्यासाठी चक्क कोकाकोलाचा दाखला दिला: कंपनी आपलं नाव दुसऱ्याच्या बाटलीवर लावू देत नाही, तसंच हे. श्रद्धेला बाजारातल्या मालाच्या रांगेत बसवणारा हा निकाल धर्माच्या रक्षणासाठी दिलेला होता, हे विशेष! शिवाय ट्रेडमार्कला मालक असतो. अजानचा मालक कोण?

हे शेजाऱ्यांचं वेड म्हणून आपण हात झटकू शकत नाही. पोर्तुगिजांच्या गोव्यात 1560 पासून, मधली काही वर्षं सोडता, 1812 पर्यंत धर्मन्यायालयाने खरा ख्रिस्ती कोण आणि घरात चोरून जुन्या चाली पाळणारा कोण, हे तपासण्याचाच उद्योग केला. कोणत्याही धर्माची सत्ता श्रद्धेची झडती घेऊ लागली की आधी तिच्या कचाट्यात सापडतात ते तिच्याच उंबरठ्यावरचे लोक.

पाकिस्तानच्या संसदेने निकाल दिल्यानंतर पाच वर्षांनी, 1979 मध्ये, अब्दुस सलाम यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते अहमदिया होते. 1996 मध्ये त्यांना रबवा गावी पुरलं. शिळेवर ‘पहिले मुस्लिम नोबेल विजेते’ असं कोरलेलं होतं. त्यातला ‘मुस्लिम’ शब्द नंतर पुसून टाकण्यात आला. जिवंत माणसांना गाठण्याची सोय पासपोर्टच्या अर्जात आहे. स्वतःला मुसलमान म्हणवणाऱ्या प्रत्येक अर्जदाराला मिर्झा गुलाम अहमद यांना तोतया पैगंबर ठरवणाऱ्या मजकुराखाली सही करावी लागते. त्यामुळे ज्याचं अहमदियांशी काही वैर नाही, ज्याला फक्त हजला किंवा नोकरीसाठी दुबईला जायचं आहे, त्यालाही आपल्या शेजाऱ्याच्या श्रद्धेविरुद्ध सही करूनच विमान गाठावं लागतं.