दहाच्या बळापुढे सातचे बळ

कोणी ढकलले की तितक्याच जोराने उलट ढकलावे, ही माणसाची सहजप्रवृत्ती. जपानच्या ज्युदोने नेमक्या याच प्रवृत्तीचा उपयोग करून घेतला आहे.

ज्युदोचे प्रवर्तक जिगोरो कानो (१८६०–१९३८) अंगाने लहानखुरे व पेशाने शिक्षक होते. जुजुत्सूच्या जुन्या परंपरांचा अभ्यास करून त्यांनी १८८२ साली टोकियोतील एका बौद्ध मंदिरात ‘कोदोकान’ ही शाळा काढली. आपले तत्त्व ते आकड्यांत समजावीत. जमाखर्चाची सवय असलेल्या वाचकांना तो हिशेब चटकन उमजेल. प्रतिस्पर्ध्याचे बळ दहा व आपले सात धरा. त्याने सर्व बळानिशी रेटले आणि आपण सर्व बळानिशी विरोध केला, तरी माघार आपलीच. पण तो जितका रेटेल तितकेच आपण मागे सरलो, तर त्याच्या रेट्याला आधार उरत नाही. तो पुढे झुकतो, तोल जातो आणि त्या क्षणी त्याचे दहाचे बळ तीनवर येते. आपला तोल शाबूत असल्याने आपले सात मात्र सातच राहतात.

मागे सरणे म्हणजे पळ काढणे नव्हे. त्याच्या अंगरख्यावरील पकड सुटता कामा नये. कित्येकदा तर प्रतिस्पर्धी रेटतच नाही, खांबासारखा उभा राहतो. तेव्हा जाणकार खेळाडू आधी त्याला हलकेच ढकलतो. तो सवयीने उलट रेटा देतो आणि त्याच क्षणी ढकलणारे हात ओढू लागतात. आता दोघांचेही बळ एकाच दिशेला लागलेले असते. खेळाडू वळून आपली कंबर त्याच्या कमरेखाली घालतो आणि तो भारी देह पाठीवरून पलीकडे जातो. ‘तोमोए नागे’ या डावात फेकणारा स्वतःच पाठीवर पडतो व प्रतिस्पर्ध्याच्या पोटाला पाय लावून त्याला डोक्यावरून भिरकावतो. ज्युदोत पाडण्याआधी पडायला शिकवतात, ते उगाच नव्हे.

अर्थात या हिशेबालाही मर्यादा आहे. स्पर्धांतील वजनी गट हीच त्याची कबुली. १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा प्रथमच समावेश झाला. वजनाचे बंधन नसलेल्या खुल्या गटात नेदरलँड्सच्या सुमारे साडेसहा फूट उंच अँटोन गीसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला जमिनीवर दाबून धरले आणि सुवर्णपदक जिंकले. तो विजय निव्वळ देहाचा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण गीसिंकनेही हीच विद्या जपानमध्ये येऊन घोटली होती. निकाल लागताच त्याचे देशबांधव हर्षभराने मंचाकडे धावले. गीसिंकने हात उंचावून त्यांना तेथेच थांबवले आणि मग कामिनागासमोर उभे राहून त्याला रीतसर वंदन केले.