घरची शिदोरी

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला म्हणजे घरोघर एकच चर्चा चालते : अमक्याचा मुलगा हुशार, तमक्याचा मठ्ठ. एकाच वर्गांत, एकाच शिक्षकापुढें बसलेलीं दोन मुलें. पुस्तकें तींच, फळा तोच, परीक्षाहि तीच. मग एकाचें पाऊल पुढें पडतें व दुसऱ्याचें मागें राहतें, तें कां? देवानें दिलेली बुद्धि कमीअधिक असेल, असें म्हणून लोक मोकळे होतात. परंतु ह्या प्रश्नाचें पुष्कळसें उत्तर घराच्या उंबरठ्याच्या आंत सांपडतें. तें पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं नीट समजून घेणें अगत्याचें आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही केवळ आमची समजूत नव्हे. अमेरिकेंत १९६६ सालीं जेम्स कोलमन ह्या समाजशास्त्रज्ञानें सहकाऱ्यांसह सुमारें ६ लक्ष विद्यार्थ्यांची पाहणी करून असें दाखविलें कीं, शाळाशाळांच्या साधनसामुग्रींतील फरकापेक्षां मुलाच्या घरच्या परिस्थितीचा संबंध त्याच्या यशाशीं अधिक निकटचा असतो. त्यापूर्वीं १९६४ सालीं फ्रान्समध्यें पियेर बूर्द्यू व ज्यां-क्लोद पासरों ह्या विद्वानांनीं असें प्रतिपादन केलें होतें कीं, सुशिक्षित घरांतील मुलें भाषा, रीतभात व ग्रंथांचा परिचय वारशानें घेऊन येतात, आणि शाळा त्या वारशासच उपजत बुद्धि समजून बक्षीस देते. ह्या वारशास बूर्द्यू ह्यानें पुढें 'सांस्कृतिक भांडवल' असें नांव दिलें. आपण त्यास घरची शिदोरी म्हणूं.

ह्या शिदोरींत काय काय असतें? पहिली वस्तु भाषा. पुस्तकांतील मराठी कांहीं घरांत रोजच बोलली जाते. तेथील मुलास शिक्षकाचें बोलणें आईच्या बोलण्यासारखेंच वाटतें. ज्या घरांत 'पानी' व 'व्हतं' असें बोलतात, तेथील मुलास मात्र विषयाबरोबर विषयाची भाषाहि शिकावी लागते. म्हणजे एका वेळीं दोन धडे. तें तोंड उघडतें, वर्ग हंसतो, आणि पुन्हां तें तोंड उघडीत नाहीं. त्याच्या नांवापुढें 'मंद' असा शेरा पडतो. तेंच मूल घरीं आजीस बाजाराचा हिशेब तोंडीं करून देत असतें, हें कोणी पाहत नाहीं.

दुसरी वस्तु संभाषण. मूल 'कां?' म्हणून विचारतें तेव्हां त्यास उत्तर देणारें कोणी जवळ असणें, ही लहानसहान गोष्ट नव्हे. दिवसभर मजुरी करून आलेल्या आईबापांच्या तोंडून 'गप्प बस' असें निघालें, तर त्यांत मायेची उणीव नसते. तो थकवा असतो. तिसरी वस्तु स्थळ व वेळ. एकाच खोलींत सात माणसें नांदतात तेथें अभ्यासाचा कोपरा कोठला? मुलीस तर पाणी भरणें व धाकटें भावंड सांभाळणें आटोपल्यावर पुस्तक हातीं घ्यावयाचें असतें. चौथी वस्तु निर्भयता. शिकलेला बाप शिक्षकास निःसंकोच भेटतो. न शिकलेला बाप फाटकापर्यंत येऊन परत जातो.

परंतु शिदोरी व पैसा ह्या एकच वस्तु नव्हेत. पंडिता रमाबाई (जन्म १८५८) ह्यांचें कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरत असे व दुष्काळाच्या दिवसांत त्यास अन्नहि मिळेनासें झालें. तथापि आई लक्ष्मीबाई त्यांस स्वतः संस्कृत शिकवीत. शाळेंत न जातां ह्या कन्येनें १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांकडून 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या मिळविल्या. ह्याच्या उलट जोतीराव फुले ह्यांचें घर खाऊनपिऊन सुखी होतें. परंतु विद्येची परंपरा नसल्यानें, लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनीं त्यांस शाळेंतून काढिलें. गफार बेग मुनशी व लिजिट साहेब ह्या शेजाऱ्यांनीं वडिलांची समजूत घातली, तेव्हां १८४१ सालीं ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत गेले. जी शिदोरी घरांत नव्हती, ती शेजाऱ्यांनीं दिली.

तिसरें उदाहरण डॉ. आंबेडकर ह्यांचें. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. परळच्या चाळींतील एका खोलींत ते स्वतः रात्रीं दोन वाजेपर्यंत जागत व मग मुलास अभ्यासास उठवीत. अशी भरगच्च शिदोरी असतांहि सातारच्या शाळेंत त्या मुलास घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळें बसावें लागे, आणि शिपायानें तोटी सोडल्यावांचून पाणी मिळत नसे. १९०७ सालीं ते मॅट्रिक झाले. घरानें सर्वस्व दिलें तरी समाजाचा अन्याय घराच्यानें निवारत नाहीं, हें ह्यावरून ध्यानीं यावें.

२००९ सालच्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला आहे. दार उघडलें, शिदोरी मात्र वांटून खावी लागेल. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं १९२४ सालीं सातारा येथें सर्व जातींच्या मुलांसाठीं वसतिगृह काढिलें, त्यांत मुलें एकत्र राहत, एकत्र जेवीत व एकत्र कष्ट करीत. आम्हां शिक्षकांचें कर्तव्य हें कीं, मुलाच्या घरच्या बोलीस हीन न लेखतां तिच्यावरूनच त्यास पुस्तकाच्या भाषेकडे न्यावें, आणि जें घरीं मिळत नाहीं तें वर्गांत शिकवावें. पालकांनीं रोज मुलास दिवसाचा धडा घरच्याच बोलींत सांगावयास लावावें. ऐकणाऱ्यास अक्षरओळख असलीच पाहिजे असें नाहीं. रात्रीं तासभर मोबाईल बंद ठेवून घर शांत ठेवावें, आणि शाळेंत निःशंकपणें यावें. विद्यार्थ्यांनीं शेजारच्या बांकावरील मुलाच्या उच्चारास हंसूं नये. त्यास आपलें पुस्तक द्यावें.

प्रभु येशूनें सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. बीं सर्वत्र एकच, पीक मात्र जमिनीप्रमाणें. परंतु शेतकरी पालकांस हेंहि ठाऊक असतें कीं, दगड वेंचून, नांगरून व शेणखत घालून खडकाळ जमीनहि पिकाऊ करितां येते. तें काम मोठ्या माणसांचें आहे. तें करण्याची सद्बुद्धि व बळ देव आपणां सर्वांस देवो.