निर्णय यंत्राचा, बळी माणसाचा
अलिबाग / प्रतिनिधी

२३ जून १९१७. पी. अँड ओ. कंपनीचे 'मंगोलिया' हे प्रवासी व टपाल वाहून नेणारे जहाज मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ५० सागरी मैलांवर, म्हणजे आजच्या मुरूड व श्रीवर्धन तालुक्यांसमोरच्या समुद्रात, स्फोट होऊन बुडाले. वीसहून अधिक माणसे दगावली. स्फोट झाला तेव्हा आसपास शत्रूची युद्धनौका नव्हती आणि पाणबुडीही नव्हती. ज्या जहाजाने हा घात केला, ते त्या दिवशी हजारो मैल दूर, न्यूझीलंडच्या बाजूला प्रशांत महासागरात होते. त्यावरील एकाही खलाशाला 'मंगोलिया'चा मागमूस नव्हता.

मानवी नियंत्रणाविना माणसे मारणाऱ्या शस्त्रांची चर्चा आज जगभर सुरू आहे. चेहरा ओळखणारा ड्रोन, स्वतःच लक्ष्य निवडणारे क्षेपणास्त्र, संगणकाच्या मेंदूवर चालणारी तोफ अशी चित्रे त्यामुळे डोळ्यांसमोर येतात आणि हा सारा विषय दूरच्या भविष्यातला वाटू लागतो. प्रत्यक्षात त्याचा मूळ प्रश्न रायगडच्या समुद्राने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अनुभवला आहे. मारण्याचा निर्णय ज्या क्षणी अमलात येतो, त्या क्षणी तेथे विचार करणारा कोणी माणूस आहे की नाही, हा तो प्रश्न होय.

पाण्याखालचा पहारेकरी

'मंगोलिया'चा घात करणारे शस्त्र होते पाणसुरुंग. जर्मन नौदलाचे 'वोल्फ' हे जहाज कॅप्टन कार्ल ऑगस्ट नर्गर यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर १९१६च्या अखेरीस जर्मनीतून निघाले. बाहेरून ते साधे व्यापारी जहाज दिसे. पोटात मात्र शेकडो सुरुंग होते. आफ्रिकेचे दक्षिण टोक, कोलंबो आणि त्यानंतर फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईजवळचा समुद्र अशी पेरणी करीत 'वोल्फ' पुढे निघून गेले. वाटेत पकडलेल्या जहाजांवरील कोळसा व अन्न यांवर गुजराण करीत, एकाही बंदरात न शिरता, ते फेब्रुवारी १९१८ मध्ये मायदेशी परतले.

मुंबईजवळ पेरलेले सुरुंग चार महिने वाट पाहत राहिले. ११ जूनला 'सिटी ऑफ एक्झीटर' या जहाजाला सुरुंगाचा फटका बसला. १७ जूनला 'क्रॉक्सटेथ हॉल' बुडाले, त्यापाठोपाठ 'मंगोलिया' आणि २९ जुलैला 'ओखला'.

या सुरुंगाची रचना साधी असे. तळाशी जड नांगर, त्याला बांधलेली तार आणि तारेच्या वरच्या टोकाला पृष्ठभागाखाली तरंगणारा स्फोटकांनी भरलेला लोखंडी गोळा. गोळ्यावर शिसाची शिंगे आणि प्रत्येक शिंगात आम्लाची काचनळी. जहाजाचा धक्का लागला की शिंग वाकते, काच फुटते, आम्लामुळे विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि स्फोट होतो. धक्का देणारे जहाज कोणाचे, त्यात सैनिक आहेत की लहान मुले, युद्ध सुरू आहे की संपले, यांपैकी काहीही या यंत्राला कळत नाही. 'वोल्फ'च्या कप्तानाला मधल्या काळात पश्चात्ताप झाला असता, तरी त्या सुरुंगाला 'थांब' म्हणण्याचा कोणताही मार्ग त्याच्यापाशी नव्हता.

हेग परिषदेचा अनुभव

या धोक्याची जाणीव जगाला तेव्हा नव्हती असे नाही. १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात पेरलेले सुरुंग तारा तुटून चीनच्या किनाऱ्याकडे वाहत गेले. ज्या युद्धाशी काही संबंध नव्हता, त्या युद्धाच्या सुरुंगांनी चिनी खलाशी व मच्छीमार यांचे बळी घेतले. मृतांची संख्या पाचशे ते सहाशे असल्याचे चीनच्या प्रतिनिधींनी १९०७च्या हेग परिषदेत सांगितले. त्याच परिषदेत 'स्वयंचलित' पाणसुरुंगांविषयीचा करार झाला. न बांधलेला सुरुंग, टाकणाऱ्याचे नियंत्रण सुटल्यापासून फार तर एका तासात निकामी झाला पाहिजे आणि बांधलेला सुरुंग तार तुटताच निकामी झाला पाहिजे, अशी अट त्यात होती. केवळ व्यापारी वाहतूक अडविण्याच्या हेतूने शत्रूच्या बंदरांसमोर सुरुंग पेरू नयेत, असे आणखी एक कलम होते. मात्र जर्मनी व फ्रान्स यांनी या कलमाबाबत आपला अपवाद राखून ठेवला. दहा वर्षांनी मुंबईसमोर जे घडले, ते या पळवाटेच्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

तरीही १९०७च्या करारातील विचार मोलाचा होता. माणसाचे नियंत्रण सुटले की शस्त्राची मारकशक्तीही संपली पाहिजे, हे तत्त्व त्यात प्रथमच शब्दबद्ध झाले. आजची चर्चा याच तत्त्वाभोवती फिरते आहे.

सुरुंगापासून ड्रोनपर्यंत

आजच्या शस्त्रांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील. पहिल्या प्रकारात दूर बसलेला चालक पडद्यावर पाहून कळ दाबतो. शस्त्र दूर असले तरी निर्णय माणसाचा असतो. दुसऱ्या प्रकारात माणूस आधीच ठिकाण ठरवून देतो आणि शस्त्र तेथे जाऊन आदळते. तिसऱ्या प्रकारात माणूस केवळ शस्त्र सोडतो. कोणावर आणि केव्हा आघात करायचा, हे यंत्र स्वतः ठरवते. स्वायत्त शस्त्रे म्हणतात ती ही. इस्रायलचे 'हार्पी' हे याचे जुने उदाहरण. आकाशात घिरट्या घालत ते शत्रूच्या रडारलहरी शोधते आणि सापडताच रडारवर झेप घेते. हे अस्त्र भारताकडेही आहे.

पाणसुरुंगही आता पूर्वीचा राहिलेला नाही. संरक्षण संशोधन व विकास संघटना (डीआरडीओ) आणि नौदल यांनी मे २०२५ मध्ये नव्या भारतीय पाणसुरुंगाची चाचणी घेतली. विशाखापट्टणमच्या प्रयोगशाळेने पुणे व चंदीगड येथील प्रयोगशाळांच्या साह्याने तो विकसित केला आहे. समुद्रतळाशी राहणारा हा सुरुंग धक्क्याची वाट पाहत नाही. जवळून जाणाऱ्या जहाजामुळे पाण्यात होणारे निरनिराळे बदल तो टिपतो. आंधळ्या सुरुंगापेक्षा असा सुरुंग अधिक चोखंदळ असतो हे खरे. पण तो निवड करतो ती जहाजाच्या खुणांवरून. त्या जहाजात कोण बसले आहे, हे त्यालाही ठाऊक नसते.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने लिबियातील संघर्षाविषयी मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तुर्कस्तानच्या 'कारगू-२' या ड्रोनचा उल्लेख आहे. २०२० मध्ये तेथे माघार घेणाऱ्या सैनिकांच्या मागावर अशी शस्त्रे लावण्यात आली आणि चालकाशी संपर्क नसतानाही हल्ला करण्याची आज्ञावली त्यांत होती, असे या अहवालात म्हटले आहे. त्यांनी प्रत्यक्षात माणसाच्या आज्ञेविना कोणाला मारले काय, हे मात्र त्यातून स्पष्ट होत नाही. या शस्त्रांच्या बाबतीत सत्य शोधणे किती अवघड आहे, हेच यातून दिसते.

रडारवरचा ठिपका

यंत्राच्या हाती निर्णय देण्यात नेमका धोका कोणता, हे समजण्यासाठी पुन्हा रायगडच्या किनाऱ्यावरच यावे लागेल.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ एक नौका सापडली. नौकेत कोणी नव्हते. सापडल्या त्या तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे. दहीहंडीचा सण दुसऱ्याच दिवशी होता. याच तालुक्यातील शेखाडी येथे १९९३ मध्ये आरडीएक्स उतरविण्यात आले होते, हे कोणी विसरलेले नव्हते. जिल्ह्यात नाकाबंदी झाली, राज्यभर सावधगिरीचे आदेश गेले. मात्र चौकशीअंती चित्र बदलले. 'लेडी हान' नावाची ही नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती. मस्कतहून युरोपकडे जाताना जूनमध्ये तिचे इंजिन बंद पडले, नौकेवरील माणसांना एका कोरियन जहाजाने वाचविले आणि सोडून दिलेली नौका प्रवाहाबरोबर भरकटत कोकणात आली, अशी माहिती तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी विधिमंडळात दिली.

जुलै २०२५ मध्ये रेवदंड्याजवळ कोर्लईच्या समुद्रात रडारवर संशयास्पद नौकेचा संकेत मिळाला. पोलीस, तटरक्षक दल व नौदल यांनी शोधमोहीम हाती घेतली. तो ठिपका नौकेचा नसून, पाकिस्तानी मासेमारी नौकेच्या जाळ्यापासून सुटून वाहत आलेल्या बोयाचा होता, असे नंतर पोलिसांनी सांगितले.

या दोन्ही घटनांत यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर 'शत्रू'ची बहुतेक लक्षणे हजर होती. ओळख न देणारी वस्तू, हाकेला प्रतिसाद नाही, किनारा जवळ, एका ठिकाणी तर युद्धात वापरली जाणारी शस्त्रेही. आकड्यांचा मेळ घालणारे यंत्र कोणत्या निष्कर्षाप्रत पोहोचले असते, याचा अंदाज करणे कठीण नाही. माणसांनी येथे संशय घेतला, पण त्याचबरोबर आपल्या संशयावरही संशय घेतला. चौकशी केली, दूरध्वनी केले, कागदपत्रे पाहिली. हा मधला अवकाशच स्वायत्त शस्त्रे नाहीशी करू पाहतात. उरण ते श्रीवर्धन या पट्ट्यात रात्री दिवे मंदावून जाळी टाकणाऱ्या, कधी संपर्कयंत्रणा बंद पडलेल्या, कधी वाऱ्याने भरकटलेल्या शेकडो मच्छीमार होड्यांसाठी तो अवकाश जीवनमरणाचा आहे.

नावापुरता माणूस

'शेवटी माणूस देखरेख करीत असेलच ना,' असा दिलासा अनेकदा दिला जातो. २००३च्या इराक युद्धाचा अनुभव त्याला छेद देतो. अमेरिकेच्या 'पेट्रियट' या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने २३ मार्च २००३ रोजी ब्रिटिश हवाई दलाचे 'टॉर्नेडो' विमान शत्रूचे क्षेपणास्त्र समजून पाडले. दोन्ही वैमानिक ठार झाले. २ एप्रिलला याच यंत्रणेने अमेरिकेच्याच नौदलाचे विमान पाडले आणि एका वैमानिकाचा बळी गेला. यंत्रणेसमोर माणसे बसलेली होती. परंतु पडद्यावर 'क्षेपणास्त्र' असे दिसत असताना, काही सेकंदांच्या अवधीत यंत्राला खोटे ठरविण्याचे धैर्य कोण करणार? विचाराला वेळ आणि नकाराला बळ नसेल, तर माणसाची देखरेख नावापुरतीच उरते.

जाब कोणाला विचारायचा?

माणूसही चुकतो, हा प्रतिवाद रास्त आहे. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या समुद्रात 'एन्रिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांनी 'सेंट अँटनी' या होडीवरील दोन भारतीय मच्छीमारांना चाचे समजून गोळ्या घातल्या. ही चूक माणसांचीच होती. पण त्या माणसांना अटक झाली, दोन देशांत वाद झाला, प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले आणि २०२१ मध्ये इटलीने १० कोटी रुपयांची भरपाई जमा केल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने भारतातील खटला बंद केला. न्याय अपुरा वाटला तरी जाब विचारायला कोणीतरी होते. उद्या हीच चूक यंत्राने केली, तर आरोपी कोण? शस्त्र सोडणारा अधिकारी म्हणेल, निवड यंत्राची. यंत्र बनविणारा म्हणेल, वापर अधिकाऱ्याचा. आज्ञावली लिहिणारा म्हणेल, अशी परिस्थिती मला सांगितलीच नव्हती.

जागतिक चर्चा आणि भारत

अशा शस्त्रांवर संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत जिनिव्हा येथे २०१४ पासून चर्चा सुरू झाली. २०१७ मध्ये काम सुरू झालेल्या सरकारी तज्ज्ञगटाचे अध्यक्षपद प्रथम भारताचे राजदूत अमनदीपसिंग गिल यांच्याकडे होते. माणसांना लक्ष्य करणारी आणि ज्यांच्या परिणामांचा अंदाज बांधता येत नाही अशी स्वायत्त शस्त्रे बंद करावीत, इतरांवर काळ, क्षेत्र व लक्ष्य यांची बंधने घालावीत, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने २०२१ मध्ये केली. २०२६ पर्यंत बंधनकारक करार व्हावा, असे आवाहन संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँटोनियो गुटेरेस व रेडक्रॉसच्या अध्यक्षा मिर्याना स्पोल्यारिच यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये संयुक्तपणे केले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या विषयावरील ठराव आमसभेत १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. विरोध करणाऱ्या चार देशांत भारत होता. बंधनकारक कराराची वेळ अजून आलेली नाही आणि ही चर्चा जिनिव्हातील मंचावरच व्हावी, अशी भारताची भूमिका राहिली आहे. तिच्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. शेजारी देश ही शस्त्रे जमवीत असताना आपणच हात बांधून घ्यावेत काय, हा एक प्रश्न. शिवाय ध्वनीच्या वेगाहून वेगाने येणारे क्षेपणास्त्र अडविण्यास युद्धनौकेपाशी जेमतेम काही सेकंद असतात. तेथे यंत्रावर विसंबण्यावाचून गत्यंतर नाही.

पण येणारे क्षेपणास्त्र पाडणे आणि समुद्रातल्या होडीवर वार करणे या दोन गोष्टींत फरक आहे. पहिल्या बाबतीत यंत्र यंत्राला अडवते. दुसऱ्या बाबतीत ते माणसाच्या जिवाचा निवाडा करते. कायद्याने रेषा ओढायची असेल तर ती येथे ओढता येईल.

हा प्रश्न केवळ लष्करी तज्ज्ञांवर सोपविण्याचा नाही. उरण तालुक्यातील न्हावाशेवा हे देशातील अग्रगण्य कंटेनर बंदर आहे आणि त्याच्या वाटेवरच कोळीवाड्यांची मासेमारी चालते. दुसरीकडे, 'आयएनएस कोझिकोड' २०१९ मध्ये निवृत्त झाल्यानंतर नौदलाकडे खास सुरुंगशोधक नौका उरली नाही. नव्या नौकांच्या खरेदीला जुलै २०२५ मध्ये प्राथमिक मंजुरी मिळाली. शस्त्र पेरणे सोपे, ते निस्तरणे महाग व वेळखाऊ, हाच याचा अर्थ. म्हणूनच प्रत्येक नव्या शस्त्राविषयी लोकप्रतिनिधींनी सरकारला काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. सोडल्यानंतर ते थांबविता येते काय? ते किती काळ आणि किती क्षेत्रात मारक राहते? संपर्क तुटल्यावर ते निकामी होते काय? आणि चूक झाल्यास उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद कोणते? 'मंगोलिया' बुडाले त्या दिवशी यांपैकी एकाही प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते.