कानाखालची न दुखणारी गाठ

गालगुंड झालेले मूल प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते. ताप, कानाच्या पाळीखाली सूज, चावताना दुखणे. सुजते ती पॅरॉटिड, म्हणजे लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्यांतील सर्वांत मोठी ग्रंथी. याच जागी मोठ्या माणसाला कधीकधी न दुखणारी, सावकाश वाढणारी गाठ येते. गालगुंड आठवडा-दीड आठवड्यात ओसरते. ही ओसरत नाही.

गोंदिया हा तेंदूपत्ता आणि विडीचा जिल्हा, आणि खर्रा तर साऱ्या विदर्भात. त्यामुळे तोंडाजवळची गाठ तंबाखूचीच, असे सहज वाटते. गाल-जिभेच्या अस्तराचा कर्करोग तंबाखूने होतो हे खरेच. पण लाळग्रंथींच्या बहुतेक गाठींशी तंबाखूचा तसा संबंध दिसत नाही. (धूम्रपान करणाऱ्यांत अधिक आढळणारी 'वॉर्थिन' ही साधी गाठ अपवाद.) तेव्हा निर्व्यसनी माणसानेही ती अंगावर काढू नये.

पॅरॉटिडमधील सुमारे ८० टक्के गाठी साध्या असतात. ग्रंथी जितकी लहान, तितका कर्करोगाचा संभव जास्त. टाळूतल्या बारीक ग्रंथींत तो निम्म्याहून अधिक.

साधी गाठ, मग काढून टाकली की झाले? खरी अडचण इथेच आहे. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी चेता याच ग्रंथीतून जाते आणि आतच तिला शाखा फुटतात. ती तुटली तर डोळा मिटत नाही, ओठ वाकडा होतो. म्हणून पूर्वी शल्यचिकित्सक गाठ शेंगेतल्या दाण्यासारखी सोलून काढत. पण नेहमी आढळणाऱ्या 'प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा'चे वेष्टन सलग नसते; तिचे कोंब बाहेर डोकावतात. ते मागे राहिले की काही वर्षांनी एकीच्या जागी अनेक गाठी उगवतात आणि जुन्या व्रणात चेता शोधणे फार अवघड होते. आता आधी चेता शोधतात, तिच्या शाखा जपतात आणि गाठ भोवतालच्या ग्रंथीच्या भागासह काढतात. ती तशीच ठेवणेही धोक्याचे, कारण अशा काही गाठी पुढे कर्करोगात बदलतात.

कर्करोगाच्या गाठींचेही अनेक प्रकार आहेत. 'सिक्रेटरी कार्सिनोमा' हा त्यांपैकी एक २०१० मध्ये वेगळा ओळखला गेला. त्यात दोन गुणसूत्रांचे तुकडे चुकीचे जोडले जाऊन 'एनटीआरके-३' जनुक पेशीला सतत वाढीचा आदेश देतो. तो रोखणाऱ्या लॅरोट्रेक्टिनिब औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. इतर बहुतेक प्रकारांना मात्र ते उपयोगी नाही; म्हणून पेशींची नेमकी ओळख महत्त्वाची.

पहिली तपासणी सोपी आहे: बारीक सुईने थोड्या पेशी काढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गाठ तेथील कान-नाक-घसा विभागात दाखवता येते. ती दुखू लागली, झपाट्याने वाढली किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली, तर एक दिवसही थांबू नये.