पोलादी फ्रेम आणि तिच्या मापाचा चिमटा

सायकलच्या दुकानात शिरलेला तरुण सर्वात आधी काय करतो? हँडल दोन्ही हातांनी धरून जोरात दाबतो. पुढचा शॉकअप खालीवर झाला की त्याचा चेहरा खुलतो. वडील किंमत विचारतात, आई रंग पाहते आणि सायकल घरी येते. ज्याला डांबरी रस्त्याने कॉलेजला जायचे आहे, त्याचे यात फारसे बिघडत नाही. पण ज्याला सह्याद्रीतल्या किंवा कुमाऊंतल्या दगडगोट्यांच्या वाटेने खाली उतरायचे आहे, त्याच्यासाठी फ्रेम आणि फोर्क यांचे एकमेकांशी जमते की नाही, हा हातपाय शाबूत राहण्याचा प्रश्न असतो.

फोर्क म्हणजे आपल्या दुकानदारांच्या भाषेत चिमटा, ज्यात पुढचे चाक बसते. पुढे शॉकअपचा फोर्क आणि मागे मात्र काहीच लवचिक नाही, अशा डोंगरी सायकलीला 'हार्डटेल' म्हणतात. अशी सायकल सुटे भाग घेऊन जुळवणारे हौशी आता आपल्याकडेही आहेत. ते बहुधा फ्रेम एकीकडून घेतात, फोर्क दुसरीकडून, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो.

या घोटाळ्याची मुळे जुनी आहेत. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही तरुण जुन्या, जाडजूड सायकली घेऊन डोंगर उतरत. ऑक्टोबर १९७६ मध्ये तिथे 'रीपॅक' नावाची शर्यत सुरू झाली. उतारावर मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव! पुढच्याच वर्षी जो ब्रीझ याने क्रोमोली पोलादाची खास डोंगरी फ्रेम बनवली. या सायकलींचा चिमटा साधा आणि कडक होता. १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा आरएस-१ हा शॉकअप फोर्क आला आणि लोकांनी तो जुन्या फ्रेमना लावायला सुरुवात केली. शॉकअपला खालीवर व्हायला जागा लागते, म्हणून तो साध्या चिमट्यापेक्षा लांब असतो. साहजिकच सायकलीचे नाक वर गेले. मग उत्पादकांनी ही वाढीव लांबी गृहीत धरून फ्रेम आखायला सुरुवात केली. तेव्हापासून प्रत्येक फ्रेम ठरावीक लांबीच्या फोर्कसाठीच जन्माला येते.

पोलादच का?

ॲल्युमिनियम हलके, मग पोलाद कशाला, असे कुणीही विचारील. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश आहे हे खरे. पण पोलादाच्या नळ्या बारीक आणि पातळ काढता येतात. चांगली क्रोमोली फ्रेम दोन-सव्वादोन ते पावणेतीन किलोंपर्यंत भरते. ॲल्युमिनियमची फ्रेम घेऊन साधारण किलोभर वाचेल. त्या बदल्यात पोलाद चिवट असते, बहुधा एकाएकी न तुटता तड्याने आधी सूचना देते आणि जाणकार कारागिराकडून पुन्हा जोडूनही घेता येते.

मात्र 'स्टील' एवढेच लिहिलेले पाहून भुलू नये. स्वस्त सायकलींचे 'हाय-टेन' पोलाद वेगळे आणि क्रोमोली वेगळे. क्रोमोलीत सुमारे १ टक्का क्रोमियम आणि ०.२ टक्के मॉलिब्डेनम असते. तिची ताकद जास्त, म्हणून नळीची भिंत पातळ ठेवता येते. नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ ठेवण्याची युक्ती तर बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने १८९७ मध्येच पेटंट करून घेतली होती. काही फ्रेममध्ये पुढच्या तीनच नळ्या क्रोमोलीच्या असतात आणि मागचा भाग साधा. चिकटपट्टी मात्र झोकात लावलेली असते! तेव्हा सगळी फ्रेम कशाची आहे, हे स्पष्ट विचारावे.

'पोलादी फ्रेम गादीसारखी लवते' असेही फार बोलले जाते. त्यात थोडे तथ्य आहे, पण थोडेच. सव्वादोन इंच रुंद टायरमधली हवा जरा कमी केली तर जो आराम मिळतो, तो कुठलीही फ्रेम देणार नाही. म्हणून मागे किती रुंद टायर मावतो, ते आधी पाहावे.

फोर्क किती लांब?

फोर्कची खरेदी 'ट्रॅव्हल'वर, म्हणजे शॉकअप किती दबतो यावर चालते: १००, १२०, १४० मिलिमीटर. जास्त ते चांगले असा सर्वसाधारण समज. पण फ्रेमला महत्त्वाची असते ती चाकाच्या आसापासून फोर्कच्या खांद्यापर्यंतची पूर्ण लांबी. हिशेब सोपा आहे. ही लांबी २० मिलिमीटरने वाढली की हँडलखालच्या हेडट्यूबचा कोन सुमारे एका अंशाने मागे झुकतो. साध्या चिमट्यासाठी बनलेल्या जुन्या २६ इंची फ्रेममध्ये चिमटा सुमारे ४० सेंटिमीटरचा असे. १०० मिलिमीटरचा शॉकअप जवळजवळ ४७ सेंटिमीटरचा भरतो. म्हणजे साडेतीन अंशांचा फरक! सीट मागे कलते, पेडल उंच जातात आणि चढावर पुढचे चाक भरकटू लागते.

हा झाला गैरसोयीचा भाग. धोक्याचा भाग वेगळाच आहे. लांब फोर्क ही लांब पहार असते. खड्ड्यात चाक आदळले की ती हेडट्यूबच्या सांध्यावर जोर करते. तो सांधा सुटला तर स्वार तोंडावरच पडतो. म्हणून फ्रेमच्या उत्पादकाने सांगितलेली फोर्कची कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये. जुनी फ्रेम घेताना हेडट्यूबला खालची नळी मिळते तो भाग उजेडात धरून पाहावा. केसासारखी रेघ, फुगलेला रंग किंवा सुरकुती दिसली, तर ती फुकट मिळाली तरी नको.

आणखी एक बारकावा. स्वार बसला की शॉकअप थोडा दबतो; हार्डटेलमध्ये हे दबणे एकूण ट्रॅव्हलच्या २० ते २५ टक्के असावे. मागची बाजू मात्र जागीच राहते, त्यामुळे कोन उभा होतो. १२० मिलिमीटरचा फोर्क ३० मिलिमीटर दबला तर कागदावरचा साडेसहासष्ट अंशांचा कोन प्रत्यक्षात अडुसष्ट होतो. काही उत्पादक दबलेले आकडे छापतात, काही न दबलेले. दोन फ्रेमची तुलना करण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

नेहमीच्या जंगलवाटांना १०० ते १२० मिलिमीटर पुष्कळ झाले. उतार हेच वेड असेल तर १३० ते १४०, पण फ्रेमही तशीच हवी. नुसता फोर्क मोठा घेऊन भागत नाही.

खरेदीपूर्वी मापे

फोर्कची जी नळी फ्रेममध्ये जाते ती जुन्या पद्धतीत वरपासून खालपर्यंत एक इंच एक सूत असे. आजच्या बहुतेक फोर्कमध्ये ती खाली दीड इंचाची होते आणि जुन्या ३४ मिलिमीटर आतल्या मापाच्या हेडट्यूबमध्ये शिरतच नाही. नव्या पोलादी फ्रेमला ४४ मिलिमीटरची हेडट्यूब असेल तर योग्य हेडसेट लावून दोन्ही प्रकार बसतात. शिवाय चाकाचे माप, आसाची जाडी व रुंदी आणि डिस्क ब्रेकची सोय हे जुळवूनच पैसे द्यावेत.

हवेचा फोर्क स्वाराच्या वजनाप्रमाणे पंपाने जुळवता येतो, म्हणून तो सरस. पण त्याचे तेल आणि सील वेळेवर बदलावे लागतात. स्वस्त सायकलींवरचे जड स्प्रिंगचे शॉकअप डोंगरात फारसे कामाचे नाहीत. पैसे कमी असतील तर त्यापेक्षा फ्रेमच्या मापाचा, शॉकअपइतक्याच लांबीचा साधा पोलादी चिमटा आणि रुंद टायर केव्हाही बरे.

'मुलगा वाढतोय, एक नंबर मोठीच घेऊ' हा विचार शाळेच्या बुटांना ठीक आहे. इथे आडव्या नळीवर दोन्ही पाय टेकून उभे राहिल्यावर किमान दोन-तीन इंचांचे अंतर राहिलेच पाहिजे.

मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत फ्रेमच्या आत गंजरोधक तेल फवारून घ्यावे. सीटच्या दांड्याला ग्रीस लावायला विसरू नये, नाहीतर ॲल्युमिनियमचा दांडा पोलादात कायमचा अडकून बसतो. आणि मेकॅनिक नव्या फोर्कची वरची नळी लगेच कापायला निघाला तर त्याला थांबवावे. दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवून खाली रिंगा घालाव्यात. महिनाभर चालवून हँडलची उंची पक्की झाली की मगच ती कापून घ्यावी.