पियानोशी ओळख (लेखांक ९) : दोन्ही हात गाणारे

पांढरी एकचा सा धरा आणि उजव्या हाताने वाजवा : सा रे ग म रे ग सा प. एवढ्या आठ सुरांतून योहान सेबास्टियन बाखने सी मेजरमधलं पहिलं इन्व्हेन्शन उभं केलं. रचना अवघी २२ बारची आहे. नऊ वर्षांच्या थोरल्या मुलाला, विल्हेल्म फ्रीडेमानला, शिकवण्यासाठी बाखने १७२० मध्ये एक वही सुरू केली. या रचनेचं आधीचं रूप त्या वहीत सापडतं. १७२३ मध्ये त्याने अशा १५ रचना नीटनेटक्या उतरवून काढल्या आणि त्यांचा हेतूही लिहून ठेवला : दोन स्वरओळी स्वच्छ वाजवता याव्यात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वादन गाण्यासारखं व्हावं.

आतापर्यंत आपण वाजवलेल्या धुनांमध्ये उजवा हात गात होता आणि डावा साथ करत होता. इथे तसं नाही. उजव्याने आठ सूर म्हटले, की अर्ध्या बारनंतर डावा तेच सूर खालच्या सप्तकात म्हणतो. सातव्या बारमध्ये तर डावाच सुरुवात करतो आणि उजवा त्याच्या मागून येतो.

म्हणून माझा आग्रह आहे, की ही रचना डाव्या हातापासून शिका. कारण अगदी बोटांत आहे. उजव्या हातात सा अंगठ्यावर येतो आणि बोटं पडतात १ २ ३ ४ २ ३ १ ५. डाव्यात हाच सा करंगळीवर येतो : ५ ४ ३ २ ४ ३ ५ १. म्हणजे ओळीची सुरुवात हाताच्या सगळ्यात दुबळ्या दोन बोटांवर. उजव्याच्या जोरावर रचना बसवली, तर डावा कायम अर्धं पाऊल मागे राहतो आणि सा, रे पुसट होतात. आधी डावा एकटा, अगदी सावकाश, प्रत्येक सूर सारख्या वजनाचा होईपर्यंत वाजवा. मग डावा वाजवत असतानाच उजव्याची ओळ तोंडाने गा. हे अवघड आहे, आणि दोन स्वतंत्र ओळी कानात बसवायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. सरगम ज्यांच्या तोंडी आहे, त्यांना तर हे जमायलाच हवं.

तिसऱ्या बारमध्ये बाख तोच आकार उलटा करतो. चढणारे सूर आता उतरतात : ध प म ग प म ध प. मग हीच उतरण म पासून, रे पासून, खालच्या नी पासून. दर वेळी एक सूर गाळून पुढच्यावर उतरायचं. त्याच वेळी डाव्या हातात मूळ ओळीचे पहिले चार सूर दुपटीने संथ चालतात. हे चालणं ऐकू यायला हवं, म्हणून उजव्याला इथे आवरा. चौथ्या बारमध्ये तीव्र मध्यम येतो. त्या एका काळ्या पट्टीने सगळी रचना प कडे वळते आणि सातव्या बारच्या आरंभी तिथेच टेकते.

पेडलला पाय लावू नका. बाखने हे हार्पसिकॉर्ड आणि क्लॅव्हिकॉर्डसारख्या वाद्यांसाठी लिहिलं आणि त्यांना असलं पेडल नसतं. पेडल दाबलं, की दोन्ही ओळींचे सूर एकमेकांत मिसळतात. पहिल्या बारमध्ये नी वर मोर्डंटची खूण दिसेल (नी, ध, नी असं चटकन), ती सध्या सोडून द्या.

या आठवड्यात सातव्या बारच्या पहिल्या सुरापर्यंतच जा. पंधराव्या बारपासून एक हात लांब सूर धरून ठेवतो आणि दुसरा फिरतो. पियानोवर धरलेला सूर विरत जातो, तेव्हा तो किती वजनाने लावायचा, ते पुढच्या लेखांकात पाहू.